टीव्ही आणि नेट एकत्र घ्यायचं की वेगवेगळं? आपापल्या घरचे अनुभव लिहा

धागाकर्ती, कोथरूड

आमच्या सोसायटीच्या गेटवर सध्या दर रविवारी कुठल्या ना कुठल्या कंपनीची माणसं पत्रकं घेऊन उभी असतात. फायबरचं नेट, टीव्हीच्या वाहिन्या आणि डझनभर ॲप, सगळं एकाच बिलात. घरात आम्ही पाच जण. सासूबाईंना संध्याकाळी सातपासून मराठी मालिका लागतात, सासऱ्यांना बातम्या आणि क्रिकेट. नवरा घरून काम करतो आणि मुलगी बारावीला आहे, तिचे क्लास ऑनलाइन असतात. आत्ता डीटीएच वेगळं आहे आणि नेट वेगळं.

पत्रकावरचा आकडा आणि हातात येणारं बिल यांतला फरक मला ठाऊक आहे. ५९९ वर १८ टक्के जीएसटी लागला की ७०६ रुपये ८२ पैसे होतात. ते गणित मी करू शकते. मला ऐकायचंय ते वेगळं. पॅकेज घेतल्यावर घरात प्रत्यक्ष टीव्ही बघणाऱ्या माणसाचं काय झालं? आपल्याकडे बहुतेक घरांत पैसे भरणारा एक आणि बघणारा दुसरा असतो, आणि निवड मात्र भरणारा करून मोकळा होतो.

एक विनंती. तक्रार लिहिताना कंपनीचं नाव नको. एकाच कंपनीची सेवा एका गल्लीत छान आणि पुढच्या गल्लीत रडकी असते, त्यामुळे नावाचा उपयोग कमी आणि भांडणं जास्त. शहर किंवा भाग मात्र जरूर लिहा.

डोंबिवलीकर

ताई, अगदी माझ्या आईचाच विषय काढलात, म्हणून सविस्तर लिहितो.

आई ऐंशीच्या घरात आहे. आमच्याकडे पूर्वी केबल होती. तिला वाहिन्यांचे नंबर तोंडपाठ. चष्मा न लावता अंधारात तीन आकडे दाबायची आणि मालिका सुरू. मग आम्ही फायबरचं पॅकेज घेतलं. सोबत आलेल्या बॉक्सवर ‘लाइव्ह टीव्ही’ होता, सगळ्या मराठी वाहिन्या होत्या, चित्रही केबलपेक्षा स्वच्छ. केबल बंद केली.

आता क्रम असा झाला: टीव्ही लावायचा, मग बॉक्स. पडद्यावर सिनेमांची चित्रं येतात, त्यांतून खाली जाऊन वाहिन्यांचं ॲप शोधायचं, ते उघडायला वेळ घेतं, मग भाषा, मग वाहिनी. रिमोटवर आकडेच नाहीत. मधलं गोल बटण जरा तिरकं दाबलं गेलं की भलतंच काही उघडतं. मी मोठ्या अक्षरांत कागद लिहून टीव्हीशेजारी चिकटवला होता. तर मध्येच ॲप अपडेट झालं आणि पडद्यावरची मांडणीच बदलली.

सगळ्यांत त्रासाची गोष्ट ओटीपी. अधूनमधून ॲप आपोआप लॉग-आउट व्हायचं. ओटीपी माझ्या मोबाइलवर, मी फोर्टच्या ऑफिसात मीटिंगमध्ये, आणि आई घरी रिमोट हातात धरून बसलेली. ती फोन करायची नाही. ‘तुझ्या कामात कशाला’ म्हणायची आणि टीव्ही न लावता बसून राहायची. हे मला फार उशिरा कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून.

आता तिच्या खोलीत साधी केबल पुन्हा घेतलीय. नेट वेगळं, लहान प्लॅनचं. महिन्याला थोडे जास्त जातात, ते मला मुळीच जड वाटत नाहीत. ज्या घरात दिवसभर एकटं राहणारं वयस्क माणूस आहे, त्यांनी आधी त्या माणसाच्या हातात तो रिमोट देऊन बघावं. शेजारी कुणाकडे तो बॉक्स असतोच. पंधरा मिनिटं त्यांच्याकडे नेऊन बसवा आणि आपण अजिबात मदत करू नका.

धागाकर्ती

डोंबिवलीकर, ओटीपीचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. केबल पुन्हा घेताना वाहिन्या कशा निवडल्या? पूर्ण पॅक की सुट्या?

डोंबिवलीकर

सुट्या. १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला हव्या त्याच वाहिन्या घेता येतात, पण केबलवाले आणि डीटीएचवाले आपणहून सांगत नाहीत. समोर ठेवतात ते पॅक. पैसे दोन भागांत असतात. एक नेटवर्कचा आकार (म्हणजे शुल्क), जो फुकट वाहिन्यांसाठीही द्यावाच लागतो, आणि दुसरा पैसेवाल्या वाहिन्यांचा. २०२० नंतर नेटवर्क आकाराला २०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपयांची मर्यादा होती, करासह १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक संस्थेने) ती मर्यादा काढली, म्हणून आता आपल्या केबलवाल्याचा आकार किती ते विचारूनच घ्या. आई बघते त्या मराठी वाहिन्या मोजक्या. हिंदी, इंग्रजी, लहान मुलांचं सगळं काढून टाकलं.

ठाणेकर

सासऱ्यांना क्रिकेट आवडतं म्हणालात, म्हणून सांगते. नेटवरून येणारा सामना केबल-डीटीएचच्या मागे चालतो. आमच्याकडे फायबर, समोरच्या घरात डीटीएच. गोलंदाज अजून धावत येत असतो आणि समोरून ओरडा ऐकू येतो. बाबांना आधीच कळतं की विकेट पडली. ते म्हणतात, मग बघायचं कशाला? सामन्याच्या वेळी ते समोरच जाऊन बसतात. बाकी मालिका-सिनेमांना या उशिराने काही बिघडत नाही, आमचं पॅकेज उत्तम चाललंय.

कणकवलीकर

गावाकडच्या घरासाठी तिसरा मार्गही आहे: डीडी फ्री डिश. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री दिसते, बातम्या दिसतात, आणि भारतीय संघाचे बरेच सामने डीडी स्पोर्ट्सवर येतात. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, तसा २००७ चा कायदाच आहे. मोठ्या मराठी मनोरंजन वाहिन्यांसाठी मात्र फ्री डिशवर विसंबू नका. खाजगी वाहिन्यांच्या जागांचे लिलाव होतात, त्यामुळे आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

आमच्या घरी फ्री डिश आणि फायबरचा लहान प्लॅन, एवढ्यावर सगळं भागतं. पावसाळ्यात माडाची झावळी पडून तार तुटली की नेट जातं, पण टीव्ही चालू राहतो. मुसळधार कोसळत असताना छत्रीचा सिग्नल जातो, पण पाऊस ओसरला की आपोआप येतो. तार जोडायला माणूस यावा लागतो, छत्रीला लागत नाही.

सातारकर

फायबर घेणाऱ्यांनी वीज गेल्यावरचा विचार करा. आमच्याकडे इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो, पण राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता, म्हणून नेट बंद पडायचं. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस (बॅटरीची डबी) मिळतो, तो लावा. फायबरसोबत मिळणारा लँडलाइन फोनही वीज गेली की बंद पडतो. घरात म्हातारी माणसं असतील तर हे लक्षात असू द्या, जुन्या तांब्याच्या तारेवरचा फोन तसा नव्हता.

नाशिककर

‘डझनभर ॲप’ या शब्दांवर थांबा आणि प्रत्येक ॲपचा कुठला प्रकार मिळतोय ते विचारा. नेटफ्लिक्सचं उदाहरण घ्या. भारतात त्याचे १४९, १९९, ४९९ आणि ६४९ असे चार दर आहेत. १४९ वाल्यात फक्त मोबाइल-टॅब, टीव्हीवर दिसतच नाही. १९९ वालं बेसिक टीव्हीवर चालतं, पण एका वेळी एकाच पडद्यावर. पाच जणांच्या घरात एक पडदा कसा पुरणार? पॅकेजच्या कागदावर नुसतं नाव छापलेलं असतं.

आणि यादीतली किती ॲप तुम्ही पैसे देऊन घेतली असती ते मोजा. आमच्या यादीत तीन निघाली. बाकीची कधी उघडलीही नाहीत. मराठी बघणाऱ्या घरात तर हा हिशेब हटकून करावा.

नागपूरकर

वेगाबद्दल. माणूस येतो आणि म्हणतो, साहेब, वर्क फ्रॉम होम आहे तर तीनशे एमबीपीएस तरी घ्याच. गरज नसते. एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-केला १५ धरा. व्हिडिओ कॉलला त्याहूनही कमी. पाच माणसांच्या घराला शंभर भरपूर झाले, आणि फोर-के टीव्ही नसेल तर त्याहून कमीतही चालतं.

घरात नेट अडखळतं त्याचं कारण बहुधा राउटरची जागा. आमच्याकडे जोडणीवाल्याने तार जिथून आत आली तिथेच, मुख्य दाराच्या मागे चपलांच्या कपाटावर, तो ठोकला. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत माझी मीटिंग तुटायची आणि कंपनी वरचा प्लॅन घ्या म्हणायची. मी ओळखीच्या वायरमनकडून तार हॉलच्या मध्यापर्यंत ओढून घेतली. प्लॅन तोच, मीटिंग आता तुटत नाही. राउटर दोन्ही बँडचा आहे ना, हेही बघा. पाच गिगाहर्ट्‌झचा बँड वेगवान पण भिंतीपुढे हात टेकतो, २.४ चा लांब पोचतो पण हळू. टीव्हीचा बॉक्स राउटरजवळ असेल तर वाय-फाय सोडा, सरळ लॅनची तार लावा.

कोल्हापूरकर

मी पलीकडच्या बाजूचा माणूस. केबलच्या धंद्यात आहे, आता फायबरही देतो. वरचं सगळं वाचलं, बहुतेक बरोबर आहे.

माझं एकच सांगणं. कंपनी कुठली ते मागाहून, आधी विचारा की तुमच्या इमारतीत बिघाड झाला तर दुरुस्तीला कोण येणार, त्याचा नंबर द्या. मोठ्या नावाच्या कंपनीची शेवटची तार बऱ्याच ठिकाणी आमच्यासारखा स्थानिक माणूसच ओढतो. तो गल्लीतला असेल तर रात्री नऊलाही येतो, कारण सकाळी त्याला तुमच्याच दारावरून जायचं असतं. ॲपमध्ये तक्रार नोंदवा, नंबर घ्या, ते हवंच. पण काम माणूस करतो.

दुसरं म्हणजे फायबरच्या डबीवरचे (राउटरवरचे) दिवे ओळखायला शिका. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाहीय, तार तुटली किंवा दुमडली. मग राउटर बंद-चालू करत बसू नका, सरळ फोन करा. तो दिवा बंद आहे आणि तरी नेट नाही, तर गडबड वेगळी, तेव्हा बंद-चालू करून बघा. फोनवर हे एवढं सांगितलंत तरी आमची एक फेरी वाचते आणि तुमचा अर्धा दिवस.

टीव्ही आणि नेट एकाच तारेवर घेतलं की तार तुटल्यावर दोन्ही जाणार, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. रस्त्यांची खोदाई चालू असलेल्या भागात तर म्हाताऱ्या माणसांचा टीव्ही वेगळाच ठेवा म्हणतो. त्यात माझं नुकसान नाही, कारण दोन्ही मीच देतो. पण नसतो देत तरी हेच सांगितलं असतं.

लंडनहून

इथली गोष्ट जरा निराळी, पण आई-बाबांसाठी पुण्यात पॅकेज घेताना उपयोगी पडली. इथे पॅकेज घेतलं की करार बहुधा १८ किंवा २४ महिन्यांचा, मध्येच सोडलं तर दंड, आणि मधल्या काळात दरवाढ. १७ जानेवारी २०२५ पासून नवीन करारात ही वाढ पौंड-पेन्समध्ये आधीच लिहून द्यावी लागते. त्याआधी महागाईच्या टक्क्यांवर टाकलेली असायची, कुणालाच कळायचं नाही. शिवाय लाइव्ह टीव्ही बघायचा तर टीव्ही लायसन्स वेगळं.

भारतात महिन्याच्या महिन्याला भरून सोडता येतं, ही केवढी मोठी सोय आहे! म्हणून ‘वर्षाचे एकदम भरा, जोडणी फुकट’ असं कुणी म्हटलं तरी आधी एकच महिना घ्या, असं मी बाबांना सांगितलं. जोडणीचे हजारेक रुपये गेले. त्या महिन्यात संध्याकाळी आठ ते दहा वेग किती पडतो ते कळलं, आणि बाबांनी कंपनी बदलली.

मडगावकर

आमचा टीव्ही जुना आहे. फायबरच्या बॉक्सला फक्त एचडीएमआय होतं, आणि टीव्हीला मागे लाल-पांढरी-पिवळी भोकं. कन्व्हर्टर आणला, चित्र आलं पण अक्षरं वाचता येईनात. शेवटी डीटीएचच ठेवलं. घरातला टीव्ही मागून एकदा बघून घ्या, मगच सही करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सासूबाईंना शेजारी नेऊन बसवलं. वाहिनी लागेपर्यंत त्यांनी तीनदा माझ्याकडे पाहिलं, मी गप्प राहिले. त्यांनी रिमोट खाली ठेवला. तेव्हा त्यांचं डीटीएच राहणार, त्यातल्या न बघितल्या जाणाऱ्या वाहिन्या काढणार, आणि नेटचा शंभर एमबीपीएसचा प्लॅन ॲपशिवाय घेणार. मुलीला हवं ते एक ॲप सुटं घेऊ.

पनवेलकर

ताई, आधीचं नेट बंद करताना एक काळजी घ्या. राउटर न्यायला येणारा माणूस डबी पिशवीत टाकून निघतो. त्याच्याकडून डबीचा सिरियल नंबर लिहिलेली पावती घ्या आणि दारातच तिचा फोटो काढा. माझ्या बहिणीला डबी परत दिल्यावरही डबीच्या पैशांचं बिल येत राहिलं, आणि तो फोटो दाखवल्यावरच डिपॉझिट परत मिळालं. बंद करण्याची विनंतीही ईमेलने करा, फोनवर ‘झालं मॅडम’ म्हणतात त्यावर राहू नका.