कुणी विचारलं तरी गप्प बसायचं? साक्ष आणि संकोच यांच्याविषयी

भिंगारकर

सर्वांना सलाम. गेल्या पावसाळ्यात माझे वडील गेले. पंधरा दिवसांनी कामावर रुजू झालो, तेव्हा शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं विचारलं, "एवढं होऊनही तू शांत कसा रे? माझे वडील गेले तेव्हा सहा महिने मी कुणाशी धड बोललो नव्हतो." उत्तर ओठांवर होतं. पुनरुत्थानाची आशा, चर्चच्या मंडळीनं रोज संध्याकाळी घरी येऊन केलेली प्रार्थना, सगळं. पण "सावरतं माणूस हळूहळू" एवढंच म्हणालो आणि चहा घ्यायला उठलो. ते मला अजून खातंय.

पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय सांगतो, की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. इथे तर माणसानं स्वतःहून विचारलं होतं!

माझं मत असं, की विश्वास बोलून दाखवला नाही तर आतून सुकतो. रविवारची उपासना, बायबलचा तास, उपास, सगळं आम्ही करतो. सोमवारपासून तोंड मिटलेलं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पाहा. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्याशी कवितेवर गप्पा मारल्या आणि उतरण्याआधी नवा करार हातात ठेवला. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी खिडकीबाहेर बघत बसला असता तर आज आपण रविवारी कोणाची पदं गायली असती?

वसईची_सून

भिंगारकर, तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण आगगाडीची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. त्याच घरात लक्ष्मीबाई होत्या. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानं त्यांचा संसार मोडला, काही काळ त्या वेगळ्या राहिल्या, पुढे नगरला त्यांच्याजवळ आल्या तरी सोवळं सोडलं नव्हतं. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो पाचेक वर्षांनी, स्वतःच्या विचारानं. वाद घालण्यात टिळक काही कमी नव्हते, तरी घरात बायकोचं मन त्यांच्या वादानं पालटलं नाही. तिनं त्यांना रोज जवळून पाहिलं, म्हणून पालटलं.

आमच्या वसईत पिढ्यान्‌पिढ्या शेजारी हिंदू आहेत. लग्नाला, मयताला, भातकापणीला आम्ही एकमेकांकडे असतो. मी तोंड उघडून "येशू तुझाही तारणारा" असं म्हणाले तर हे सगळं एका वाक्यात नासेल. 1965 साली व्हॅटिकन परिषदेनंसुद्धा बजावलं, की बळानं किंवा आमिषानं कुणाला विश्वासात ओढायचं नाही. माझ्यासाठी साक्ष म्हणजे शेजारणीच्या सासूचं डायलिसिस असलं की तिच्या पोरांना जेवू घालणं. त्यावर लेबल लावायची मला गरज वाटत नाही.

भिंगारकर

ताई, बळ आणि आमिष यांच्याबद्दल मी बोलतच नाहीये. जेवण तर शेजारची कुठलीही भली बाई देईल. तुम्ही ते का देता, हे त्या घरानं कधी विचारलं तर काय सांगाल?

वसईची_सून

विचारलं तर सांगेन. वीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

कृष्णाकाठ

मी ख्रिस्ती नाही, पण हे वाचून राहवलं नाही. चार वर्षांपूर्वी आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी औषधं आणायला खाली गेलो होतो. दोन अनोळखी बायका आल्या, आईच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली, उशाशी पत्रक ठेवलं आणि गेल्या. विचारलं काहीच नाही. आईला वाटलं, डॉक्टरांनी आशा सोडली म्हणून या आल्या. रात्रभर तिनं माझा हात सोडला नाही. त्या बायकांचा हेतू वाईट नसेल, पण पलंगावरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, एवढं तरी कळायला हवं होतं.

मी मिरजेकडचा. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये तिथे सुरू केलेल्या मिशन दवाखान्याच्या कामाबद्दल आमच्या घरात आजही आदरानं बोलतात, तेव्हा मिशन म्हटलं की अंगावर येणारा मी नव्हे. घटनेचा अनुच्छेद 25 प्रचाराचा हक्क देतो. 1977 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. माझ्या मते रेघ इथेच आहे: सांगा, पण समोरच्याला उठून जाता येईल अशा जागी सांगा.

आणि भिंगारकर, तुमच्या सहकाऱ्याला उत्तर न देणं मला चुकीचं वाटलं. त्यानं मन उघडलं होतं. तुम्ही दार लावून घेतलंत.

जालन्याचा

रेघ बरोबर आहे, पण सगळी चर्चा उंबऱ्याच्या आतल्या माणसांची चाललीय. आमच्या पणजोबांना गावच्या विहिरीवर जायची मुभा नव्हती. त्यांच्याकडे सुवार्ता आली ती गप्प राहणाऱ्यांकडून नाही. एक मास्तर महारवाड्यात आला, जमिनीवर बसला, त्यांच्याच ताटातलं खाल्लं आणि म्हणाला, देवानं तुला त्याच्या प्रतिरूपाचं केलंय. हे वाक्य कुणीतरी मोठ्यानं बोलायलाच हवं होतं. शेजारधर्मानं ते कळलं नसतं, कारण आम्हाला शेजारीच नव्हते.

"दुष्काळात धान्यासाठी बाटले" हे शाळेत मी किती वेळा ऐकलं. हो, धान्य मिळालं. भुकेल्याला धान्य देऊ नये का? पुढे पाऊस पडला, धान्य बंद झालं, तरी माणसं परत गेली नाहीत. वाचायला शिकली, मुलींना शाळेत घातलं.

आता गप्प बसण्याची दुसरी बाजू. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. म्हणून माझ्या वडिलांच्या कागदावर एक धर्म आणि उशाशी दुसऱ्या धर्माचं पुस्तक. आयुष्यभर त्यांनी क्रूस शर्टाच्या आत ठेवला. मंडळीत त्यांचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही, अशी पाळकांना विनंती होती. वसईच्या ताई, तुमचं मौन तुम्ही निवडलेलं आहे, आमचं लादलेलं होतं. वडील शेवटच्या आजारात मला म्हणाले, "एकदा तरी नाव घेऊन सांगायचं राहिलं." तेव्हापासून "जगून दाखवा, बोलू नका" हे ऐकलं की माझ्या पोटात तुटतं.

वसईची_सून

जालन्याचे दादा, हे माझ्या हिशेबातच नव्हतं. तुमच्या वडिलांना माझा सलाम. दवाखान्यातल्या त्या बायकांबद्दल माझं मत मात्र तेच आहे.

केडगाव_रोड

मूळ प्रश्न विश्वासाच्या वाढीचा होता. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि पुढे स्वतःच लिहिलं, की आठ वर्षांनंतर त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नाही. रमाबाईंसारखीला आठ वर्षं लागतात आणि आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या महिन्यात पोराच्या हातात पत्रकांचा गठ्ठा देतात. त्याला स्वतःला काय कळलंय? तो पाठ केलेलं बोलतो आणि समोरचा पहिल्याच प्रश्नाला त्याला गारद करतो. अशी दोन पोरं मी मंडळीपासून तुटलेली पाहिली. आधी मुळं धरू द्या.

भिंगारकर

पण ताई, त्याच आठ वर्षांत, 1889 मध्ये, त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. पूर्ण सापडण्याची वाट पाहत त्या बसल्या नाहीत.

केडगाव_रोड

सदन काढलं ते विधवांना शिकवायला. त्याच्या अटीतच धर्म शिकवायचा नाही असं होतं. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. तेवढ्यावरून 1893 मध्ये पुण्यात केवढं वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उघडं दार म्हणजे बोलणं की न बोलणं, यावर मी अजून ठाम नाही. मुली लहान होत्या, आश्रित होत्या. कृष्णाकाठ यांची पलंगाची गोष्ट तिथेही लागू होते, हे मला रमाबाईंवरच्या प्रेमापोटी नाकारता येत नाही.

जालन्याचा

मग आश्रितानं आपणहून दारात येऊन बसायचंच नाही का? तिलाही मन असतं.

भिंगारकर

सगळ्यांचं वाचलं. कृष्णाकाठ, तुम्हालाच विचारतो. आता वर्ष होत आलं. सहकारी रोज शेजारी बसतो. आता तो विषय काढला तर त्याला ते दवाखान्यातल्या बायकांसारखं वाटेल का?

कृष्णाकाठ

तुमच्या विश्वासानं सुरुवात केलीत तर वाटेल. आधी त्याच्या वडिलांबद्दल विचारा. सहा महिने कुणाशी बोललो नव्हतो म्हणाला ना तो? ते सहा महिने त्यानं अजून कुणाला सांगितलेले दिसत नाहीत.

भिंगारकर

तो स्वतःच्या वडिलांबद्दल बोलत होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.