इंग्रजी शिकवायला परदेशी गेलेले बडोदेकर

भाची यंदा महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंग्रजी घेऊन बी. ए. झाली. वर्षभर थायलंडला शिकवायचं आणि मग लाओस, व्हिएतनाम बघत घरी यायचं म्हणते. ताईच्या पोटात गोळा आलाय. आपल्यातले जे जाऊन आलेत त्यांनी सगळं मोकळेपणानं सांगा. पगाराइतकंच कागदपत्रांचंही लिहा. नावाऐवजी बडोद्यातला आपला भाग लिहिला तरी चालेल.

दांडिया बाजार:
मी २०१७ ते २०१९ थायलंडमधल्या खोन केन शहराजवळच्या एका गावात होते. कागद जमवण्यातच चार महिने गेले. पदवी आधी गांधीनगरला साक्षांकित करायची, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग थाई दूतावासाचा. शिवाय पोलीस क्लिअरन्स, आणि इंग्रजी आपली मातृभाषा नाही म्हणून टोईक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण.

पण खरी परीक्षा वर्गात. पोरं 'हाऊस'ला 'हाऊ' म्हणायची. मला वाटायचं, लक्ष देत नाहीत. स्वतः थाई शिकायला बसले तेव्हा उलगडा झाला, त्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'स' उच्चारतच नाहीत. 'व्हेरी'चंही 'वेरी' व्हायचं. आणि मी? आपण 'व्हॅन' नि 'वॉच' लिहितो वेगळं, पण माझ्या तोंडून दोन्हींचं पहिलं अक्षर एकच निघायचं. आरशासमोर खालच्या ओठावर दात टेकवून आधी मी शिकले, मग मुलांना शिकवलं. वर्षाअखेरीस अख्खा वर्ग ते नीट म्हणायला लागला, तेव्हा डोळे भरून आले होते.

मांजलपूर:
दांडिया बाजारच्या ताई, री-एंट्रीचं, म्हणजे थायलंडला परत शिरण्याच्या परवान्याचं राहिलं! ऑक्टोबरच्या सुट्टीत मी सीमेवरच्या नोंग खायहून पूल ओलांडून लाओसच्या राजधानीला, व्हिएंतिआनला गेलो, चार दिवस मजेत राहिलो. परतताना सीमेवर समजलं की री-एंट्री परमिट न घेता देश सोडला की थायलंडमध्ये राहायची उरलेली मुदत रद्द होते. शाळेला सगळे कागद नव्यानं करावे लागले, माझे तीन आठवडे बिनपगारी गेले. माझ्या वेळी एका फेरीचं परमिट १,००० बाटला होतं, कितीही फेऱ्यांचं ३,८००ला. भाचीनं कितीही फेऱ्यांचंच घ्यावं.

अलकापुरी:
माझ्या मुलाला एका एजंटानं सांगितलं, टूरिस्ट व्हिसावर जा, कामाचं तिथे बघू. वर्क परमिटशिवाय शिकवणं तिथे बेकायदा आहे हे कळल्यावर आम्ही भरलेले पैसे सोडून दिले, पण पोराला पाठवलं नाही. ताईंना सांगा, घाई करू नका.

रावपुरा:
थायलंडऐवजी दक्षिण कोरियाचा विचार असेल तर थोडक्यात. तिथला इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुळात इंग्रजी बोलणाऱ्या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० पासूनच्या भारत-कोरिया करारानं आपल्याला सहायक शिक्षक म्हणून वाट आहे, पण शिक्षकाची पात्रता लागते. नुसत्या बी. ए.वर जमणार नाही.

दांडिया बाजार:
पुढच्या प्रवासाचंही सांगते. नोकरीचा शेवटचा दिवस तोच थायलंडमधल्या मुक्कामाचाही शेवटचा, हे धरूनच आखणी करायची. मी राजीनाम्याआधीच व्हिएतनामचा ई-व्हिसा काढून ठेवला होता. लाओसमध्ये व्हिएंतिआनहून लुआंग प्रबांगला तेव्हा डोंगरातून बसनं हाडं खिळखिळी होत. डिसेंबर २०२१ पासून रेल्वे आहे, त्यामुळे भाची सुखात जाईल. व्हिएतनाममध्ये हनोईहून सायगॉनपर्यंत मात्र तिनं विमान घेऊ नये. १,७२६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आहे, आणि वाटेतल्या ह्यूए शहरानंतर गाडी समुद्राच्या अगदी कडेनं जाते. खिडकीची जागा घ्यायला सांगा.

भाचीचा मामा:
सगळं ताईला वाचून दाखवलं. समुद्राचं दोनदा वाचायला लावलं तिनं. पोलीस क्लिअरन्सची सोमवारची वेळ मिळाली आहे, ताई स्वतः बरोबर जाणार आहे.