पाचारणाच्या मुलाखती रेकॉर्ड करायच्या आहेत : प्रश्न, माइक, परवानग्या, सगळ्यावर सल्ला हवा

बावखलाकाठी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. वसईतल्या आमच्या धर्मग्रामातून (पॅरिशमधून) आजवर बरेच फादर आणि सिस्टर झाले. त्यातले जुने आता ऐंशीच्या पुढे आहेत. काही निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात आहेत, काही सिस्टर लांबच्या कॉन्व्हेंटमध्ये. युवा मंडळाच्या मनात आहे की त्यांच्या पाचारणाच्या, म्हणजे फादर-सिस्टर व्हायला देवाने बोलावल्याच्या, कहाण्या त्यांच्याच आवाजात जपून ठेवाव्यात आणि थोडा भाग पाचारण रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) ऐकवावा. बजेट बेताचं. फोन आहेत, उत्साह आहे. एका फादरांशी सहज बोलून पाहिलं तर दहा मिनिटं छान प्रवचन मिळालं, कहाणी काही मिळाली नाही. काय विचारावं, कशावर रेकॉर्ड करावं, कोणाकोणाची परवानगी लागते?

पत्र्यावरचा_पाऊस
आवाजापुरतं मी सांगतो. व्हिडिओचा हट्ट सोडा. कॅमेरा समोर आला की म्हातारी माणसं कॉलर नीट करतात आणि भाषण सुरू होतं. कॉलरला लावायचा वायरवाला साधा माइक घ्या. बोया बीवाय-एम१ची वायर ६ मीटर आहे, त्यामुळे फोन त्यांच्या नजरेआड ठेवता येतो. नव्या फोनला गोल पिनचं भोक नसतं, अ‍ॅडॅप्टर आधी घेऊन तपासा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. एमपी३ नको, वेव्ह फाइल करा, ४८ किलोहर्ट्झ, मोनो. १६ बिटला तासाला साधारण ३५० एमबी जागा लागते, तेवढी आधी मोकळी करून ठेवा.

खोली निवडताना चर्चचा हॉल टाळा, फरशी आणि उंच छतामुळे आवाज घुमतो. पलंग, गादी, पडदे असलेली खोली उत्तम. पंखा बंद करावाच लागेल, म्हणून मे महिन्यातली दुपार नको. बाराच्या देवदूताच्या प्रार्थनेची घंटा, विहिरीवरचा पंप, शाळेची सुट्टी यांच्या वेळा आधी विचारून ठेवा. हेडफोन लावून ऐकत बसणारा एक माणूस वेगळा हवा. प्रश्न विचारणाऱ्यानेच दोन्ही कामं करू नयेत.

आणि कृपा करून फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एकूण तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्याच घरात.

सिस्टरची_भाची
परवानगीबद्दल. सिस्टर स्वतः हो म्हणाल्या तरी त्यांच्या सुपिरियरना (कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरना) आधी पत्र द्या, फोन नको. आमच्या मावशीच्या कॉन्व्हेंटमध्ये एका मंडळाने थेट कॅमेरे नेले आणि दारातूनच परत आले. पत्रात स्पष्ट लिहा : काय विचारणार, कुठे ऐकवणार, यूट्यूबवर टाकणार की नाही. संमतीचा कागद मराठीत, एका पानाचा. त्यात “हा भाग वगळा” म्हणायचा हक्क असावा, तोही रेकॉर्डिंग झाल्यानंतर.

मावशीला कोणी विचारलंच नाही, पण तिच्याकडे सांगण्यासारखं एक होतं. व्रतं घेताना नाव बदललं. आजी मात्र कॉन्व्हेंटच्या दारात उभी राहून घरच्याच नावाने हाक मारायची. हे विचारा सगळ्या सिस्टरांना.

जुनी_वही
मौखिक इतिहासाचं थोडं काम केलंय, म्हणून लांब लिहिते.

“तुम्हाला पाचारण कसं झालं?” हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर त्यांनी गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवात, सुवर्णमहोत्सवात इतक्यांदा दिलंय की ते गुळगुळीत झालंय. तुम्हाला प्रवचन मिळालं ते त्यामुळेच. त्यांच्या आजूबाजूचं विचारा. घरी पहिल्यांदा कोणाला सांगितलं? वडील काय म्हणाले, की काहीच म्हणाले नाहीत? तुम्ही गेल्यावर वाडी कोणी बघितली? सेमिनरीत (फादर होण्याच्या शिक्षणाला) जाताना पेटीत काय होतं? परत यावंसं कधी वाटलं? शेवटचा प्रश्न उशिरा, विश्वास बसल्यावर. विचारल्यावर गप्प राहा. ते थांबले तर तुम्ही ती जागा भरू नका.

ऐंशीच्या पुढच्या फादरांना वेदीसेवक (मिस्सात फादरांना मदत करणारा मुलगा) असतानाचं विचारा. लोकांच्या भाषेत मिस्सा करायची वाट मोकळी करणारी दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५. म्हणजे ते लहानपणी लॅटिन मिस्साला उत्तरं द्यायचे, अर्थ न कळता पाठ केलेली. पुढे धर्मगुरू झाल्यावर स्वतः मराठीत मिस्सा अर्पण करू लागले. हा बदल अंगावरून गेलेली माणसं फार काळ भेटणार नाहीत. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये वेगळा झाला, त्याआधी हा सगळा भाग मुंबई महाधर्मप्रांतात होता. म्हणून जुन्या फादरांच्या नेमणुका कुठे कुठे झाल्या हे आधी लिहून घ्या. गावांची नावं समोर ठेवली की आठवणी भराभर येतात.

भाषेचं : घरी कादोडी (आपली वसईची बोली) बोलणाऱ्यांना कादोडीतच बोलू द्या. प्रमाण मराठीत गेले की पुन्हा वेदीवर चढतात. उतरवून घेताना कादोडी जशीच्या तशी देवनागरीत, खाली मराठी.

पापनिवेदनात ऐकलेल्या गोष्टींच्या जवळपासही जाऊ नका, “नाव न घेता सांगा” असंही नाही. आणि फक्त फादर-सिस्टर का? ज्यांनी आयुष्यभर धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले, ज्या आईने दोन मुलगे दिले, त्यांनाही बसवा. जे सेमिनरीतून परत आले त्यांनाही.

रमेदीचा_पाहुणा
शेवटच्या वाक्याशी असहमत. पाचारण रविवार पाचारणं वाढावीत म्हणून असतो. परत आलेल्यांच्या कहाण्या ऐकवून मुलं आणि आईबाप बिचकतील.

जुनी_वही
ऐकवायचं काय आणि जपायचं काय, हे दोन वेगळे निर्णय आहेत. सगळं त्या रविवारी वाजवा असं मी म्हटलेलं नाही. परत आलेल्याने सांगितलं की पंधरा वर्षं कुलपात ठेवा, तर ठेवायचं. पण आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचंच बघा. जपानात जेजुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर राबले, त्या संघात प्रवेश मिळाला नाही, मग व्यापार केला, आणि नंतर मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाले. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. नकाराचा आणि व्यापाराचा भाग कापला तर काय उरतं?

रमेदीचा_पाहुणा
संताचं ठीक आहे हो. गावात लोक नावं ठेवतात त्याचं काय? ज्याची मुलाखत घ्याल त्याच्या घरच्यांनाही विचारा, एवढंच म्हणणं आहे.

जुनी_वही
हे मान्य. कागदात ती ओळ घालायलाच हवी.

नगरची_पाळकीण
आम्ही प्रोटेस्टंट, पण अडचण तीच. आमच्याकडे साक्ष द्यायची, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सभेत सांगायची, सवय असल्याने कहाणी आधीच घडी घालून ठेवलेली असते : अमुक सभेत, अमुक वचनाने. खरा माल पाळकांच्या बायकांकडे मिळतो. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्या घरात काय चाललं होतं, ते नुसत्या टिळकांना विचारून कधी समजलं असतं? तुमचे फादर अविवाहित, म्हणून तुम्ही बहिणींना आणि वहिन्यांना गाठा. दोघांना एकत्र मात्र बसवू नका. भाऊ समोर असला की बहीण “फादर सांगतील ना” म्हणून मोकळी होते.

पत्र्यावरचा_पाऊस
+१. आणि प्रश्न संपून चहा येतो तेव्हा सगळ्यात चांगलं बोलतात. माइक काढायची घाई करू नका. पण तो चालू आहे हे त्यांना सांगा, चोरून नको.

बावखलाकाठी
सगळ्यांचे आभार. जुनी_वही ताई, तुमचे प्रश्न मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले. पेटीत काय होतं, हा सगळ्यांना आवडला. सुरुवात एका फादरांच्या मोठ्या बहिणीपासून करतोय, त्या कादोडीतच बोलतात. सुपिरियरना पत्र उद्या जाईल, रमेदीच्या दादांची ओळही कागदात घातली आहे. एकच राहिलं : या बहिणींना ऐकायला कमी येतं. मोठ्याने विचारलं तर माझाच आवाज फाइलमध्ये फाटतो.

पत्र्यावरचा_पाऊस
प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहून हातात द्या. वाचता येत नसेल तर नातवाला त्यांच्या कानाशी बसवा, माइक दुसऱ्या बाजूच्या खांद्यावर लावा.