मदत हवी आहे: फायरप्लेस पेटवली की धूर सगळा घरात

रानजाई:
नमस्कार मंडळी, जरा तातडीने मदत हवी आहे. आम्ही उन्हाळ्यात घर घेतलं, लाकडावरची फायरप्लेस आहे म्हणून तर हेच घेतलं, आणि आता थंडीत पेटवायला जावं तर धूर वर जायच्या ऐवजी सगळा खोलीत. कधी पेटवल्या पेटवल्या, कधी तासभर मस्त चालते आणि मग एकदम उलटी फिरते, अलार्म कोकलतो, धाकटा खोकून हैराण, दारं उघडावीत तर बाहेर १५ फॅरनहाइट. डँपर (चिमणीच्या तोंडाची झडप) उघडा आहे, ते कृपया कोणी सांगू नका. लाकडं सुकी आहेत. शनिवारी सासूसासरे येतायत पुण्याहून, सासऱ्यांना शेकोटीची फार हौस, त्याआधी काहीतरी मार्ग निघायलाच हवा. पटकन सांगा प्लीज.

खारीबिस्कीट:
कुठे राहता? घर कधीचं? फायरप्लेस कुठल्या मजल्यावर? चिमणी बाहेरच्या भिंतीला आहे की घराच्या मधोमध? शेवटची साफ कधी केली? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार ताई.

एक_कोल्हापुरी:
लाकडं सुकी आहेत असं सगळेच म्हणतात. कोणतं लाकूड, कधी फोडलेलं? ओक फोडून रचून ठेवला तरी दोन उन्हाळे घेतो, बाहेरून खडखडीत दिसतो आणि आत पाणी असतं. मॉइश्चर मीटर आणा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, ओंडका नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूला त्याच्या सुया टोचायच्या, २० टक्क्यांच्या आत आलं तरच जाळायचं. टोकाला मोजलंत तर आकडा फसवतो. ओलं लाकूड नुसतं धुपतं, धूर थंड राहतो, तो वर चढत नाही आणि चिमणीला आतून क्रिओसोट, म्हणजे धुराचा डांबरासारखा पेटणारा थर, धरतो ते वेगळंच.

आजोळ:
आमच्याकडे तांब्याचा बंब होता, आजी करवंट्या घालायच्या आधी मधल्या नळीत एक पेटता कागद सोडायची, नळी गरम झाली की मग बंब कसा भडभडून पेटायचा. तुमच्या चिमणीचंही तेच आहे. आत गार हवा साठलेली असते ती खाली रेटते. वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करा, पेटवून डँपरच्या तोंडाशी धरा, धूर वर ओढला जातोय असं दिसलं की मगच खालचं पेटवा. लाकडंही उलटी रचा, जाड ओंडके तळाशी, त्यावर बारीक, सगळ्यात वर ढलप्या, आणि वरून पेटवायचं. आमच्याकडे व्हर्मांटला असंच करतो, धूर येत नाही.

मोगरा_१२:
कागद जाळू नका!! पेटलेले कपटे उडत वर जातात आणि आत क्रिओसोट असेल तर चिमणीच पेट घेते. आमच्या गल्लीत एका घरी झालंय, आतल्या भाजलेल्या मातीच्या नळ्या तडकल्या, सगळं लायनिंग नव्याने करावं लागलं.

आजोळ:
एक गुंडाळी म्हटलंय हो, रद्दीचा गठ्ठा नाही. आणि चिमणी साफ असेल तर एका गुंडाळीने काही होत नाही.

मोगरा_१२:
साफ आहे हे कुठे सांगितलंय त्यांनी?

बे_एरियाकर:
सरळ गॅस लॉग्ज (गॅसवर जळणारे नकली ओंडके) बसवून टाका. आम्ही बसवले, बटण दाबलं की चालू, राख नाही, काजळी नाही. उघड्या फायरप्लेसमधली जेमतेम १० टक्के उष्णता खोलीला मिळते, बाकी चिमणीतून जाते, वर घरातली हीटिंगची गरम हवाही घेऊन जाते. लाकडाचा हट्ट कशाला? इथे आमच्याकडे कॅलिफोर्नियात, बे एरियात, हिवाळ्यात हवा खराब असली की लाकूड जाळायला बंदीच असते.

एक_कोल्हापुरी:
त्यांनी गॅसचं विचारलेलंच नाही. आणि चिमणी उलटी ओढत असेल तर गॅसचा धूरही घरातच येणार, फक्त दिसणार नाही.

तुळशीवृंदावन:
फायरप्लेस घराच्या कोणत्या दिशेला आहे? अग्नी आग्नेयेला हवा. ईशान्येला असेल तर असे त्रास होतात, आधी ते बघून घ्या.

रानजाई:
सगळ्यांना एकत्र उत्तर देते. मॅसॅच्युसेट्स, बॉस्टनच्या पश्चिमेला. घर १९६४ चं स्प्लिट लेव्हल, म्हणजे अर्ध्या अर्ध्या मजल्यांचं. फायरप्लेस खालच्या फॅमिली रूममध्ये, म्हणजे अर्धी जमिनीखाली, चिमणी बाहेरच्या भिंतीला. साफ कधी झाली माहीत नाही, घर घेताना होम इन्स्पेक्टरने खालून टॉर्च मारून बघितलं होतं. लाकूड शेजाऱ्यांच्या ओकचं, त्यांनी वसंतात झाड पाडलं तेव्हा फोडून दिलं, आम्ही ताडपत्रीखाली ठेवलंय. तुळशीवृंदावन, पश्चिमेला आहे, ती भिंत काही हलवता येणार नाही. आता कोणीतरी नेमकं सांगा.

एक_कोल्हापुरी:
वसंतात पाडलेला ओक म्हणजे ओलाच. ताडपत्री पूर्ण झाकली असेल तर आणखीनच. फक्त वरून झाका, बाजू उघड्या ठेवा, वारा लागू दे. या वर्षी तो जाळू नका. दुकानातली किल्न ड्राइड (भट्टीत वाळवलेली) लाकडं आणा नाहीतर जुनी वाळलेली बर्च किंवा ॲश शोधा.

खारीबिस्कीट:
ओलं लाकूड हे एक झालं, पण तासभर चांगली चालून मग उलटी फिरते म्हणताय, ते नुसत्या ओल्या लाकडाने होत नाही. तासाभरात चिमणी चांगली तापलेली असते. त्या वेळी घरात काय चालू होतं ते आठवा: ड्रायर, बाथरूमचा पंखा, स्वयंपाकघरातला हुड (शेगडीवरचा वास-धूर बाहेर फेकणारा पंखा)? आणि घरात अलीकडे काही काम केलंय का, खिडक्या, इन्सुलेशन वगैरे?

रानजाई:
हो, ऑक्टोबरमध्ये सगळ्या खिडक्या बदलल्या आणि माळ्यावर इन्सुलेशन भरलं. त्याचा चिमणीशी काय संबंध? हुड आहे वर, मोठा घेतलाय ९०० सीएफएमचा, फोडणीचा वास घरभर राहतो म्हणून. रविवारी उलटी फिरली तेव्हा मी वर पुऱ्या तळत होते, हुड फुल होता.

खारीबिस्कीट:
सापडलं. तुमचा हुड मिनिटाला ९०० घनफूट हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा घरात कुठून तरी यायलाच हवी. पूर्वी जुन्या खिडक्यांच्या फटींतून यायची, त्या तुम्ही बंद केल्यात. आता घराला उरलेलं सगळ्यात मोठं भोक म्हणजे चिमणी, म्हणून हुड चिमणीतूनच हवा ओढतो, धुरासकट. त्यात थंडीत घरातली गरम हवा वर चढते आणि खालच्या मजल्याला आधीच ओढ असते, तुमची फायरप्लेस नेमकी तिथे, आणि बाहेरच्या भिंतीची चिमणी गार. सगळं एकाच बाजूला जमलंय.
आता मुख्य मुद्दा. तुमचा घर तापवणारा बॉयलर किंवा वॉटर हीटर तेलावर किंवा गॅसवर आहे का, आणि त्याची नळी त्याच चिमणीत जाते का? जात असेल तर हुड त्याचाही धूर खाली ओढू शकतो आणि कार्बन मोनॉक्साइड (सीओ) या विषारी वायूला ना रंग ना वास. अलार्म कोकलतो म्हणालात तो धुराचा की सीओचा? मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ पासून फायरप्लेस किंवा बॉयलर असलेल्या राहत्या घरात प्रत्येक मजल्यावर सीओ अलार्म कायद्यानेच लागतो. आज बघा, शनिवारची वाट बघू नका.

रानजाई:
बॉयलर तेलाचा आहे, पलीकडच्या खोलीत, आणि हो, चिमणी तीच, वरती दोन तोंडं दिसतात. अलार्म धुराचा. सीओचा वरच्या मजल्यावर आहे, खालचा दिसत नाही, आत्ताच नवरा आणायला गेलाय.

मोगरा_१२:
चांगलं केलंत. खालचा बॉयलरच्या अगदी तोंडाशी लावू नका, थोडा लांब, फॅमिली रूमच्या बाजूला लावा.

आजोळ:
दोन तोंडं शेजारी शेजारी असतील तर एकातला धूर दुसऱ्यातून खाली यायचीही शक्यता असते, चिमणी साफ करणाऱ्या स्वीपला तेही बघायला सांगा, म्हणजे एक तोंड उंच करून घेता येतं. चिमणीवरच्या टोपीची जाळी काजळीने बुजलीय का तेही. आणि चिमनी स्विफ्ट (धुराड्यात घरटी करणारे छोटे पक्षी) यांचं घरटं असेल तर आत्ताच काढून घ्या, ते हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेत असतात. उन्हाळ्यात पिल्लं असताना हात लावायला स्थलांतरित पक्ष्यांच्या १९१८ च्या कायद्याने मनाई आहे.

रानजाई:
अपडेट. हुड, ड्रायर सगळं बंद करून, फायरप्लेसजवळची खिडकी इंचभर उघडून, डँपरखाली नुसती उदबत्ती धरली: धूर सरळ वर. मग नवऱ्याने वरचा हुड फुल केला आणि खिडकी लावली, तर तोच धूर वाकून माझ्या तोंडावर. सीओ अलार्म लागला, आकडा शून्य. चिमणी स्वीप पुढच्या आठवड्यात येतोय. तोपर्यंत खिडकी उघडून, हुड बंद ठेवून शनिवारी पेटवली तर चालेल ना?

खारीबिस्कीट:
नाही. कधी साफ झाली माहीत नाही आणि वर ओला ओक जाळलाय. आधी स्वीप. त्याला लेव्हल २ तपासणी सांगा, म्हणजे कॅमेरा घालून अख्खी नळी बघतात, घर विकलं जातं तेव्हा तीच करायची असते, टॉर्चने भागत नाही. बॉयलरची नळीही त्यातच बघून घ्या. तोपर्यंत हुड लावाल तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी उघडी हवी, आणि पुढे हुडसाठी मेकअप एअर बसवून घ्या, बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, हुडबरोबर आपोआप उघडते. ४०० सीएफएमच्या वरच्या हुडला ती लागतेच असा नियम आहे, तुमच्या बसवणाऱ्याने सांगायला हवं होतं.

बे_एरियाकर:
म्हणूनच म्हणत होतो, गॅस.

रानजाई:
बरं, शनिवारी मग मागच्या अंगणात फायर पिटमध्ये शेकोटी करू, बर्फ बाजूला करून घेऊ, सासरे स्वेटर घालून बसतील आनंदाने. खारीबिस्कीट, मनापासून आभार, बॉयलरचं आमच्या डोक्यातही आलं नसतं. मेकअप एअरचं काम कोण करतं, हुडवाला की एचव्हीएसीवाला (हीटिंग-एसीचं काम करणारा)?

खारीबिस्कीट:
एचव्हीएसीवाला. टाउनचं परमिट लागेल ते त्यालाच काढायला सांगा.

एक_कोल्हापुरी:
आणि तो ओक टाकून देऊ नका, उत्तम लाकूड आहे. घराच्या भिंतीला टेकवून रचू नका, वाळवी आणि कार्पेंटर मुंग्या घरात शिरतात. खाली पॅलेट टाका, उन्हाची बाजू बघा, पुढचा हिवाळाही सोडा आणि मग मीटर लावून बघा.