बंधाऱ्यातून जहाज पार कसे होते आणि धोका नेमका कुठे असतो?

प्रश्न – खांडेपारकाठ
आमच्या वाड्याजवळच्या वसंत बंधाऱ्यात पावसाळा सरल्यावर फळ्या घातल्या की होडी वर नेता येत नाही. १९७५ साली कार्यान्वित झालेल्या फरक्का बंधाऱ्यापाशी मात्र मालवाहू नौका 'लॉक'मधून पार होतात. हे लॉक काम कसे करते? आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी मुले पोहतात, ते सुरक्षित आहे का?

प्रतिसाद – पाटबंधारे
बंधारा पाणी अडवून वरच्या अंगाला नौकेपुरती खोली राखतो. त्यामुळे पडलेला पातळीतला फरक लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद, ओलांडून देते. नौका खालच्या दारातून हौदात शिरली की ते दार लावतात आणि वरचे पाणी आत सोडतात. पातळी सारखी झाली की वरचे दार उघडते. यासाठी पंप लागत नाही. दाराच्या दोन झडपा प्रवाहाच्या वरच्या दिशेला टोक करून मिटतात, म्हणून पाण्याचा दाबच त्यांना घट्ट आवळून धरतो आणि पातळी समान होईपर्यंत त्या उघडता येत नाहीत. आपल्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानसीचे (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीचे) दारही भरतीच्या रेट्यानेच मिटते, हे आठवले की सगळे उलगडते.

प्रतिसाद – जुना खलाशी
मी काही वर्षे ऱ्हाइन नदीवरच्या नौकेवर होतो. लॉकमध्ये दोर खुंट्याला बांधून टाकायचा नसतो, हातात धरून पाण्याबरोबर सैल करत जायचा असतो. एकदा खाली उतरताना एका नवख्या पोराने तो पक्का बांधला; पाणी उतरत गेले, नौका एका बाजूने लटकू लागली आणि दोर करकरू लागला. कप्तानाने कुऱ्हाडीने तोडायला लावला. ताणलेला दोर तुटून उसळला तर माणसाचा जीव घेतो, म्हणून त्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. हिरवा दिवा लागल्याशिवाय आत शिरायचे नाही, हाही तिथला कडक नियम.

प्रतिसाद – पाटबंधारे
पोहण्याबद्दल आवर्जून लिहितो. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर येते आणि पृष्ठभागावरून भिंतीकडेच परत वळते. या भोवऱ्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा आत ओढला जातो. बंधारा पुरुषभर उंचीचा असला तरीही. त्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असल्याने अंग नीट तरंगत नाही, आणि वाचवायला उडी घेणाराही बऱ्याचदा बुडतो. काठावरूनच दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेकावी. फळ्या काढण्याच्या दिवसांत तर मुलांना तिकडे फिरकूही देऊ नका.

प्रतिसाद – खांडेपारकाठ
आभारी आहे. काठावर दोर आणि ट्यूब कायम टांगून ठेवण्याविषयी पंचायतीला याच आठवड्यात पत्र देतो.