बोंडला प्राणिसंग्रहालय: वाचनालयातल्या मुलांना न्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात एक लहानसं वाचनालय आहे. तिथे येणाऱ्या चौथी ते सातवीच्या मुलांना दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी बोंडल्याला न्यायचं ठरतंय. (गुरुवारी ते बंद असतं, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) शाळेची बालरथ बस मिळणार नाही, कारण उपक्रम वाचनालयाचा आहे, पण मिनीबस ठरवता येईल, तिस्क-उसगावहून पुढे फार लांब नाही. मला मदत हवी आहे ती तिथे गेल्यावर मुलांशी काय बोलायचं यासाठी.

ही मुलं पणजी-मडगावच्या फ्लॅटमधली नाहीत. बऱ्याच जणांच्या घरी कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी असं त्यांनी पुस्तकात वाचलंय, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना तो माहीत आहे केळी तुडवून जाणारा म्हणून. माकडांनी किती शहाळी पाडली, रानडुकरांनी सुरण कुठवर उकरला, हे घरात रोजचं बोलणं. वाड्यावरचा कुत्रा रात्रीत नाहीसा झाला की बिबट्याने नेला हे कुणी सांगावं लागत नाही. तेव्हा "बघा किती सुंदर प्राणी, आपण त्यांचं रक्षण करू या" असलं भाषण या मुलांपुढे टिकणार नाही, आणि मला ते करायचंही नाही.

सहलीचं बोलायला जमलो होतो तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, बोंडल्याला पिंजऱ्याच्या बाहेरच रान आहे ना? मग दार उघडलं की झालं. सोडत का नाहीत?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. शहरातल्या प्राणिसंग्रहालयाबाहेर रस्ते आणि इमारती असतात, तिथे तो कुणाला सुचत नाही. बोंडल्याचं अभयारण्य जेमतेम ८ चौरस किलोमीटरचं, पण प्राणिसंग्रहालय त्या रानाच्या आतच आहे. आतल्या बिबट्याला बाहेरच्या सांबराची हाक ऐकू येत असणार. मुलीला उत्तर द्यायलाच हवं.

माझ्या मनात जे आहे ते असं. बिबट्याचं पिल्लू वर्ष-दीड वर्ष आईच्या मागे फिरतं आणि शिकार शिकतं. आईवेगळं झालेलं, माणसाच्या हातून खाल्लेलं पिल्लू मोठं झाल्यावर रानात सोडलं, तर ते भेकराच्या मागे जाणार नाही, कोंबड्यांच्या खुराड्याकडे येईल, कारण माणसाची भीती त्याला उरलेली नसते. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासकीत अडकून पाय गेलेला बिबट्या धावू शकत नाही, मग मारणार काय? (फासकी म्हणजे काय हे आमच्या मुलांना समजावून सांगायची गरज नाही. तोच विषय कसा काढावा याचा मात्र मी विचार करतेय, कारण काहींच्या घरचे ऐकतील.)

आणि धडधाकट बिबट्यालाही कुठल्याही रानात नेऊन सोडलं की प्रश्न सुटत नाही. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बरेच बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. बिबट्याला आपला मुलूख असतो. अनोळखी जागी टाकला की तो बिथरतो, परतायला बघतो, वाटेत गावं लागतात. हे सगळं मला पटलंय, पण दहा वर्षांच्या मुलांना कसं सांगू? कुणी यावर खेळ घेतलाय का, गोष्ट रचलीय का? मुलांनीच बिबट्या, शेतकरी, वनरक्षक व्हायचं आणि "सोडायचा की नाही" ते ठरवायचं, असं काहीसं डोक्यात आहे. कुणी केलं असेल तर कसं रंगलं ते कळवा.

दुसरं. सगळे पिंजरे धावतपळत बघायचे नाहीत, प्रत्येकाने एकच प्राणी निवडून त्याच्यापुढे बराच वेळ थांबायचं, असं मला करायचंय. आधी एकदा जाऊन मी स्वतः गव्यापुढे थांबले. गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, कपाळावर राखाडी पट्टा, आणि जीभ वर वळवून तो आपल्या नाकपुड्या साफ करत होता, आधी एक, मग दुसरी. माश्यांसाठी कान सारखे हलत होते, बाकी एवढा मोठा देह जागचा हलत नव्हता. तेवढ्यात एक घोळका आला. शिट्ट्या झाल्या, कुणीतरी जाळीवरून वेफर्स फेकले. गव्याने पाठ फिरवली ती ते जाईपर्यंत वळवली नाही. मुलांनी हे असं बघायला हवं, दोन्ही बाजूंनी.

याच कारणाने खाऊची भीती वाटतेय. सोबत येणारे पालक माकडांना केळं देतातच, आणि देवाला नैवेद्य दाखवावा तितक्या मनापासून देतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला खायला घालणं, डिवचणं, गोंगाट करणं, कचरा टाकणं याला मनाई आहे. पण कायदा वाचून दाखवला तर माणसं दुखावतात. पालकांच्या चिठ्ठीत हे कोणत्या शब्दांत लिहू?

प्राणिसंग्रहालय पैदाशीसाठीही असतं, हे मोठ्या मुलांना सांगायचंय. जुनागढच्या सक्करबागेतले सिंह बऱ्याच जणांना माहीत असतात. मला पिसोरी जास्त जवळची वाटते. सशाएवढं ते हरीण आपल्याही रानात आहे, पण रात्रीचं फिरणारं, म्हणून मुलांनी पाहिलेलं नाही. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात त्यांची पैदास केली आणि पुढे काही पिसोऱ्या तेलंगणातल्या अमराबादच्या जंगलात सोडल्या. म्हणजे दार उघडतंसुद्धा, आधी तयारी लागते. त्या मुलीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. पिसोरीवर मराठीत मुलांना वाचता येईल असं काही कुणाकडे आहे का?

आता व्यवहाराचं. बोंडल्याच्या निसर्ग शिक्षण केंद्रात रविवारी मुलांशी बोलायला कुणी भेटतं का? पत्र तिथल्या परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांना द्यायचं की पणजीला वनभवनात? रोज प्राण्यांना चारा घालणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याशी पंधरा मिनिटं बोलणं झालं तर मला सगळ्यांत आवडेल. तशी परवानगी कुणाला मिळाली आहे का? आणि डबे खायला कुठे उघडावेत, म्हणजे माकडं झेपावणार नाहीत आणि कचराही परत आणता येईल?

पालकांची चिठ्ठी या महिनाअखेरीस जायची आहे. मुलं घेऊन गेलेल्यांनी त्याआधी लिहिलंत तर फार बरं होईल.