ओढ्याकाठच्या क्रॉनिक स्पॉटवर (जिथे कचरा पुन्हा पुन्हा पडतो) कॅमेरा: रात्री नंबरप्लेट वाचता येईल का?

कल्व्हर्टजवळ:
पुण्यात ओढ्यावरच्या कल्व्हर्टला (रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीला) लागून साधारण १५ मीटर लांबीची मोकळी जागा आहे. सकाळी दुचाकीवरून कचऱ्याच्या पिशव्या पडतात, रात्री टेम्पो राडारोडा ओतून जातात. पालिकेच्या आरोग्य कोठीचे सफाई कर्मचारी उचलतात, पण दोन दिवसांत पुन्हा ढीग. शेजारच्या सोसायट्या मिळून खर्च करायला तयार आहेत. समोरच्या भिंतीपासून जागा २० मीटरवर आहे आणि विक्रेता ४ मेगापिक्सेल, २.८ एमएम लेन्सचा कॅमेरा सुचवतो आहे. तो पुरेल का? फुटेजवरून दंड व्हायला काय लागतं? ढीग कल्व्हर्टच्या तोंडाशीच असल्याने पावसाळ्याआधी हे मार्गी लागायला हवं.

लेन्सवाला:
२.८ एमएम अजिबात नको. त्याची चौकट २० मीटरवर जवळजवळ ४७ मीटर रुंद होते. कॅमेऱ्याचे आडवे २५६० पिक्सेल त्यावर पसरले की मीटरला ५४ उरतात, म्हणजे टेम्पोच्या ३४ सेंटीमीटरच्या प्लेटवर जेमतेम १८ पिक्सेल. कोणीतरी काहीतरी टाकलं एवढंच दिसेल.

१२ एमएम लेन्स घेतली तर त्याच अंतरावर चौकट साडेनऊ मीटरच्या आसपास येते, प्लेटवर ९० पिक्सेल मिळतात आणि नंबर वाचता येतो. दुचाकीची मागची प्लेट २० सेंटीमीटरची असते, तिला हे अंतर जास्त पडतं. तिच्यासाठी कॅमेरा ८ मीटरच्या आत, गाडी जिथून वळते तिथे हवा. दिव्याच्या खांबावर लावणार असाल तर आधी पालिकेच्या विद्युत विभागाची लेखी परवानगी घ्या.

रात्रीची खरी अडचण वेगळीच. हाय सिक्युरिटी प्लेट परावर्तक असते. इन्फ्रारेड दिवा तिच्यावर पडला की ऑटो एक्स्पोजरमध्ये प्लेट पांढरीफटक होते. शटर हाताने १/५०० वर ठेवा, गेन (चित्र उजळवणारी सेटिंग) कमी करा आणि कॅमेरा प्लेटच्या सरळ रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त तिरका नको. या सेटिंगमध्ये बाकी सगळं काळं दिसतं, म्हणून टाकण्याची कृती टिपायला दुसरा, रुंद चौकटीचा कॅमेरा लागतोच. तिथे तुमचा २.८ एमएम चालेल.

साठवण: २ एमबीपीएस दराने एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे २२ जीबी होतात. दोघांचे १५ दिवसांचे ६५० जीबी, म्हणजे १ टीबीची सर्व्हेलन्स हार्ड डिस्क पुरे. पीओई केबल (वीज आणि चित्र एकाच तारेतून नेणारी) १०० मीटरच्या आत ठेवा, एनव्हीआरला (फुटेज साठवणाऱ्या रेकॉर्डरला) यूपीएस द्या.

कल्व्हर्टजवळ:
सोलर आणि ४जी सिमवाला चालेल का? खोदकाम वाचेल.

लेन्सवाला:
इथे नाही. हे कॅमेरे बॅटरी वाचवायला झोपलेले असतात. हालचाल झाल्यावर जागे होईपर्यंत दुचाकीवरून पिशवी टाकून माणूस निघूनही जातो. शिवाय जुलैच्या सलग ढगाळ आठवड्यात बॅटरी मान टाकते.

पंचनामा:
पुराव्याबद्दल. एनव्हीआरचं घड्याळ एनटीपीला (नेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला) जोडा. वेळ दहा मिनिटांनी चुकली तरी समोरचा ‘गाडी तेव्हा तिथे नव्हती’ म्हणायला मोकळा. मूळ फाइल एक्स्पोर्ट करून लगेच एसएचए-२५६ हॅश (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल जराही बदलली की बदलतो) काढून ठेवा. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅश भरावा लागतो. फाइल व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती कॉम्प्रेस होते आणि हॅश जुळत नाही. पेन ड्राइव्हवर द्या.

तक्रार क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षकाच्या नावे लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. गाडीमालकाचा शोध त्यांना किंवा पोलिसांना घेऊ द्या. पिशवीत कुरिअरचं लेबल सापडलं तरी पिशवी स्वतः फोडू नका, निरीक्षकासमोर पंचनाम्यात फोडा. आणि चेहरे सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. एखादा निर्दोष माणूस त्यात भरडला जातो, आणि ते कधीच भरून येत नाही.

कोठीसमोर:
कॅमेरा टेम्पोसाठी ठीक, सकाळच्या पिशव्यांचं कारण मात्र बहुतेक वेळा वेळापत्रकात असतं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवा: किती वाजता, काय पडलं, कोणत्या दिशेने आलं. पिशव्या साडेसात ते नऊमध्ये पडत असतील आणि ‘स्वच्छ’च्या (घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या) ताई साडेनऊला येत असतील, तर नोकरीला जाणारी घरं कचरा बरोबर घेऊन निघतात. त्या ताईंशी आणि मुकादमांशी बसून त्या गल्लीची फेरी आधी घ्यायला सांगा, किंवा सोसायटीच्या दारात झाकणाचे डबे ठेवा. दारोदारी जाऊन कचरा घेणाऱ्या या बायकांना कोणतं घर कचरा देत नाही हे नेमकं माहीत असतं. त्यांना बैठकीत मानाने बसवा, फक्त साफ करायला बोलावू नका.

राडारोड्याचा उगम शोधणं तुलनेने सोपं. परिसरात कुठे फ्लॅटची तोडफोड चालू आहे ते वॉचमनला ठाऊक असतं. नूतनीकरणाला परवानगी देतानाच सोसायटीने अनामत घ्यावी आणि पालिकेच्या केंद्रावर राडारोडा पोहोचल्याची पावती दाखवल्यावरच ती परत करावी.

पंचनामा:
हे अनामतीचं कॅमेऱ्याच्या आधी करा.

बोलार्ड:
टेम्पो आत शिरूच नये म्हणून कडेला खांब रोवा, मधलं अंतर १.२ मीटर. छोटा टेम्पो दीड मीटर रुंद असतो, व्हीलचेअर आणि हातगाडी मात्र जाते. पत्र्याचं कुंपण नको, त्याच्या आडोशाला जास्त पडतं. काम सुरू करायच्या दिवशी जागा पूर्ण साफ हवी. शिल्लक राहिलेल्या एका पोत्यापाशीच पुढची दहा पडतात. आणि पहिला महिना कल्व्हर्टच्या दोन्ही बाजूंना २०० मीटरपर्यंत रोज नजर टाका, कारण ढीग सरकून तिथेच उगवतो.